एक्केचाळीस नंबरची बाटली

"तुमचा आकडा किती?" बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं.

मी पिशवीतून बाटली काढून पाहिली. "एक्केचाळीस."

"माझा अठ्ठावन्न. तुमच्यात खरं औषध आहे का खोटं?"

"ते सांगत नाहीत."

"सांगत नाहीत ते मलाही ठाऊक आहे ओ. मी तुमचा अंदाज विचारतेय."

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यातला तो बाक. समोर बारा नंबरची खोली आणि दारावर चिकटवलेला कागद : 'संशोधन विभाग. आवाज करू नये.' आवाज करायला होतो कोण, आम्ही दोघंच. त्यातला मी तर अंदाज सांगणारा माणूसच नव्हे. मी दिनकर ओतारी, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. एकतीस वर्षं बाजारातले तराजू आणि वजनं तपासत फिरलो. मी दुकानात पाय ठेवला की आतली माणसं बोलायची थांबायची, आणि पुढे पुढे मलाही बोलायची सवय राहिली नाही. घरात मालती दोघांच्या वाटणीचं बोलायची. ती गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगी बंगळुरूला. तिचा फोन रविवारी सकाळी दहाला यायचा आणि दहा वाजून सात मिनिटांनी संपायचा. मी घड्याळ बघायचो, खोडच तशी.

त्या वर्षी पोटाच्या तक्रारीवरून दुर्बिणीची तपासणी झाली आणि माझ्या मोठ्या आतड्यात दोन पॉलिप सापडले. डॉक्टर आजरेकरांनी कागदावर अळंबीसारखे दोन कोंब काढून दाखवले. ते काढून टाकले, साधेच निघाले. पण हे कोंब पुन्हा येतात, आणि एखादा न बघितलेला पुढे कॅन्सरचा होतो. अँटिऑक्सिडंट गोळ्या रोज घेतल्या तर ते यायचे थांबतात का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं.

"शरीराला आतून गंज चढतो असं समजा," ते म्हणाले होते. "या गोळ्यांतल्या जीवनसत्त्वांनी तो थांबतो की नाही ते बघायचंय."

तीन वर्षं, रोज एक गोळी. निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कुणाला काय, ते खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दर दोन महिन्यांनी बाटली परत आणायची, रूथ सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजणार, नवी बाटली देणार. मी लगेच हो म्हटलं. विज्ञानाचा मला पुळका होता असं नाही. दर दोन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला कुणीतरी आपली वाट बघणार, एवढं मला पुरेसं होतं.

शेजारच्या बाई म्हणजे शकुंतला हुल्याळकर. जयसिंगपूरला मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं होतं. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही. त्यांचाही एक पॉलिप काढलेला, पण त्यांचं भय माझ्यापेक्षा फार मोठं होतं. वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले होते आणि थोरली बहीणही.

"ताईला सहज दुर्बिणीने तपासायला म्हणून नेलं आणि सापडलं," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत आटोपलं. त्या दुर्बिणीचं नावसुद्धा नको मला. मला गोळ्या पाहिजेत. खऱ्या."

सिस्टरनी हाक मारली, गोळ्या मोजल्या आणि विचारलं, "काका, एखादी चुकली का? जेवणखाण? झोप?" मी सगळ्याला बरं आहे म्हटलं. बाहेर आलो तर बाई बाकावरच होत्या.

"चला, चहा घेऊ," त्या म्हणाल्या. "माझी बस अजून पाऊण तासाने आहे."

हॉस्पिटलच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. मालती गेल्यापासून मी कुणाबरोबर चहा प्यालो नव्हतो.

तिसऱ्या खेपेला बाईंनी विषय काढला.

"तुम्ही वजनमापेवाले ना? मग जोखून बघा की! माझी एक, तुमची एक."

"असलं करायचं नसतं, बाई."

"का? सिस्टर म्हणाल्यात गोळ्या फोडू नका. जोखू नका असं कुठं म्हणाल्यात?"

मी हसलो. मला हसताना पाहून टपरीवाल्यानंही वळून बघितलं असावं. बाईंनी रुमालात बांधून पाच गोळ्या माझ्या हातात दिल्या. पुढच्या मोजणीआधी परत करायच्या, असं ठरलं.

माझ्या घरी काचेच्या पेटीतला एक सोनारकाटा आहे, वडिलांचा. दहा मिलिग्रॅमचा फरकसुद्धा दाखवतो. मी खिडकी लावली, पंखा बंद केला आणि आधी माझ्या पाच गोळ्या घातल्या. तीन ग्रॅम साठ मिलिग्रॅम. मग बाईंच्या. दोन ग्रॅम नऊशे वीस. पारडी पुसून पुन्हा जोखलं. चार वेळा जोखलं. तेच.

एकतीस वर्षांत मी खोटी वजनं शेकड्यांनी पकडली. कुणी बुडातून कोरलेलं, कुणी आतलं शिसं काढून घेतलेलं, कुणी कानशीने घासलेलं. ती सगळी हलकीच असायची. खोटं वजन जड निघालं असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. त्यामुळे मला विचार करावाच लागला नाही. माझ्यात औषध होतं, बाईंच्यात नव्हतं.

पुढची तारीख यायला सात आठवडे होते. जयसिंगपूर मिरजेपासून बसने कितीसं लांब? बाईंनी घरचा पत्ता सांगितलेला होता, शाळेमागची गल्लीही मला माहीत होती. दोनदा मी कपडे करून स्टँडवर गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. आमच्या वयाच्या माणसाने एकट्या राहणाऱ्या बाईच्या दाराशी जाऊन काय म्हणायचं? गल्लीतल्या लोकांना काय सांगायचं, गोळ्या परत द्यायला आलोय? सात आठवडे तो निकाल मी एकट्याने सांभाळला. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. कुणाला तरी सांगायचं काही तरी माझ्यापाशी होतं.

बाकावर बसल्या बसल्या मी त्यांना सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे सहा महिने मी पीठ खाल्लं," त्या म्हणाल्या.

"आता नाही खायचं. माझी बाटली तुम्ही घ्या, तुमची मी घेतो."

"आणि तुमचं काय ओ?"

"माझ्या घरात हे दुखणं कुणाला नव्हतं."

"असं कसं? तुमच्याही पोटात आलेच होते की."

"बाई, माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही."

"माझ्यासाठी तरी कोण थांबलंय?" त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघंही त्या दारावरचा कागद वाचत बसलो.

तरी त्यांनी बाटली घेतली. नवी बाटली मिळाली की टपरीवर अदलाबदल करायची, आणि पुढच्या खेपेला मोजणीच्या आधी आपापली परत घ्यायची, अशी पद्धत पडली. बाईंनी त्यासाठी निळ्या खणाच्या दोन सारख्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी ओवलेल्या. टाके इतके बारीक की दिसूच नयेत. "आता कुणाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. सबंध नोकरीत मी एका दुकानदाराचा चहा घेतला नाही, एका खोट्या मापावर शिक्का मारला नाही. आणि आता दर दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या काट्यात राजरोस गडबड करत होतो. मला त्याची लाज वाटायला हवी होती. पण दर तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून एक तास आधी जाऊन बसायचो.

बाई बदलल्या. बोलताना मधेच पोटावर हात ठेवायची त्यांची सवय गेली. टपरीवर चहाबरोबर भजी मागवू लागल्या. शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगायच्या, माझ्या दुकानदारांच्या गोष्टी ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या. मी दोन महिने एकेक गोष्ट आठवून ठेवायचो, त्यांना सांगायची म्हणून.

वर्ष झालं तेव्हा सगळ्यांची पुन्हा दुर्बिणीने तपासणी ठरली. मी आदल्या दिवशी ते दोन लिटर खारट पाणी पिऊन, रात्रीचा उपाशी राहून करून आलो. काही सापडलं नाही. हुल्याळकर बाईंनी मात्र दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा आल्या नाहीत.

रूथ सिस्टरनी मला खोलीत थांबवलं. "काका, बाईंना समजवा. आम्ही जबरदस्ती नाही करू शकत. त्यांच्या घरात आहे हे दुखणं. तुमचं ऐकतात त्या."

"काही सापडलं तर?"

"तर काढून टाकता येईल ना. म्हणून तर बघायचं."

"मग त्या इथे येतच राहतील?"

"मोठं काही निघालं तर नाही. मग त्यांना अभ्यासातून बाहेर काढावं लागेल, उपचार वेगळे सुरू होतील." सिस्टर बाटलीवर आकडा लिहीत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. "सांगाल ना?"

"सांगतो."

टपरीवर बाई आधीच बसल्या होत्या. निळी पिशवी मांडीवर. मी चहा ढवळला. साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिलो.

"सिस्टर म्हणत होत्या, दुर्बीण करून घ्या."

"सिस्टर म्हणणारच, त्यांचं कामच ते. तुम्ही काय म्हणता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी 'जा' म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या, हे मला त्या क्षणीसुद्धा माहीत होतं.

"तुम्ही तर जड गोळ्या घेताय," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी!" त्या खुशीत येऊन म्हणाल्या आणि आणखी एक प्लेट भजी मागवली.

त्यानंतर आठेक महिने आम्ही असे भेटत राहिलो. एकूण चार वेळा. मग जानेवारीतल्या तारखेला बाकावर कुणी नव्हतं. मी तासभर थांबलो. दारावरचा कागद पिवळा पडला होता. शेवटी सिस्टरच बाहेर आल्या.

"काका, बाई वरच्या वॉर्डात आहेत. एकोणतीस डिसेंबरला ॲडमिट झाल्या. ऑपरेशन झालं, पण फार पसरलंय."

मी वर गेलो. बाई खाटेवर एवढ्याशा दिसत होत्या. उशाशी त्यांची इचलकरंजीची भाची मीनल बसली होती. बाईंनी तिला माझी ओळख करून दिली, "हे ओतारी साहेब, आमचे गोळ्यांचे सोबती," आणि तिला पाणी आणायला बाहेर पाठवलं.

"दिवाळीपासून रक्त पडत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मूळव्याध असेल म्हणून गप्प बसले. तुम्हालाही नाही बोलले. असलं काय सांगायचं माणसाला?"

मी मीनलच्या जागी उशाशी बसलो.

"तुमची बाटली माझ्या घरी राहिली ओ. मोजणीला काय दाखवणार?"

"हरवली म्हणून सांगतो."

"मी एकही चुकवली नाही हं. तुम्ही स्वतःच्या तोंडातलं काढून दिलेलं, चुकवीन कशी?" त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तो पहिल्यांदाच. "या गोळ्या होत्या म्हणून एवढे दिवस तरी निघाले. नाहीतर माझं ताईच्या वाटेने वर्षापूर्वीच आटोपलं असतं. तुमचे उपकार आहेत."

मीनल पाणी घेऊन आली. मी उठलो. खाली येऊन सिस्टरना सांगितलं, माझी बाटली बसमध्ये राहिली. त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि मला नवी बाटली दिली.

बाईंना मीनल इचलकरंजीला घेऊन गेली. तिथेच चैत्रात त्या गेल्या. मला वैशाखात कळलं, तेही सिस्टरकडून. अठ्ठावन्न नंबरची बाटली माझ्याकडे होती, ती मी रोज एक घेऊन संपवली. रविवारी मुलीचा फोन आला की मी सात मिनिटं बोलायचो. यातलं तिला काही सांगितलं नाही. कोण बाई, असं ती म्हणाली असती.

अभ्यास संपला आणि आणखी वर्षाने डॉक्टर आजरेकरांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. फळ्यावर दोन रकाने होते. औषध घेतलेल्यांतल्या जितक्या लोकांना पॉलिप पुन्हा आले, जवळपास तितक्याच साध्या गोळ्यावाल्यांनाही आले होते.

"निदान आपल्या लोकांत तरी या गोळ्यांचा काही उपयोग दिसला नाही," डॉक्टर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. हे कळणंसुद्धा मोठं काम आहे. पण तपासणी चुकवू नका. ज्यांचे वेळेवर सापडले, ते आज इथे बसलेत."

नंतर प्रत्येकाला आपापल्या आकड्याचं पाकीट मिळालं. मी बाहेर बाकावर येऊन ते उघडलं.

४१ : साध्या गोळ्या.

मी ते तीनदा वाचलं. जड होतं ते पीठ होतं. हलकं होतं ते औषध. एकतीस वर्षं काटा हातात धरलेल्या माणसाने वजन बरोबर केलं होतं, निकाल उलटा लावला होता. बाईंच्या बाटलीतलं औषध मीच काढून घेतलं होतं आणि वर स्वतः गिळलं होतं. पण फळ्यावरचे रकाने सांगत होते की त्यानेही काही फरक पडला नव्हता. गोळ्यांनी ना त्यांना मारलं होतं ना मला वाचवलं होतं. मग राहिलं काय, तर मी टपरीवर बोललेलं एक वाक्य.

मी बारा नंबरच्या खोलीत गेलो. सिस्टर कागद खोक्यात भरत होत्या. मी टेबलावर निळ्या खणाची पिशवी ठेवली. बाईंच्या पश्चात मीनलने ती माझ्या नावाची चिठ्ठी लावून पाठवली होती. 'मावशी म्हणाली होती, ओतारी साहेबांची आहे, परत द्यायची.' सिस्टरनी नाडी सोडली. आत एक्केचाळीस नंबरची बाटली.

"ही तर बसमध्ये राहिली होती ना?"

मी सगळं सांगितलं. सोनारकाटा, अदलाबदल, पिशव्या. सिस्टर खुर्चीत बसल्या. बाटली फिरवून त्यांनी आकडा वाचला.

"गोळ्यांनी काही बिघडलं नाही, काका," त्या म्हणाल्या. "तीनशेवर माणसांत तुम्हा दोघांची अदलाबदल... डॉक्टरांना सांगावं लागेल, पण निकाल तोच राहील." मग त्यांनी बाटली खाली ठेवली. "मी तुम्हाला म्हटलं होतं, बाईंना तपासणीचं समजवा."

"म्हटलं होतं."

"सांगितलंत?"

"एकदा. चहा ढवळता ढवळता. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय म्हणता. मी म्हटलं, तुम्ही जड गोळ्या घेताय."

"का?"

एवढ्या वर्षांत मला कुणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. "काही सापडलं तर त्यांना बाहेर काढणार, असं तुम्ही म्हणाला होता," मी म्हणालो. "मग त्या आल्या नसत्या. मला त्या बाकावर त्या हव्या होत्या, सिस्टर. बाकी काही कारण नाही."

सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सवयीने टेबलाच्या खणातली मोजायची ताटली काढली, बाटली तिच्यात उपडी केली आणि पट्टीने पाच-पाच गोळ्या बाजूला सारू लागल्या. मी उभाच होतो.

"तेवीस," त्या म्हणाल्या. मग जुनी वही काढून तारीख बघितली. "बाटली दिली बारा नोव्हेंबरला, सत्तर गोळ्यांची. तेरापासून सुरू." त्या बोटांवर दिवस धरत एकोणतीस डिसेंबरपर्यंत गेल्या आणि सत्तेचाळीसवर थांबल्या.

"एकही चुकलेली नाही, काका," त्या म्हणाल्या. "ॲडमिट झाल्या त्या सकाळचीसुद्धा घेऊन आल्या होत्या."